घराच्या खिडक्या : आधीं सावली, मग वारा, शेवटीं कांच

घर बांधावयास काढलेला आपल्याकडील शेतकरी पायाच्या दगडाची, लोखंडाची व सिमेंटाची बारकाईनें चौकशी करतो. विहीर पाडावयाची असल्यास चार जाणत्यांना विचारतो. द्राक्षबाग लावतांना ओळी कोणत्या दिशेस धराव्या हें आधीं पाहून ठेवतो. परंतु खिडक्यांची गोष्ट निघाली कीं, ‘त्या ठेकेदार बसवील तशा’ असें म्हणून मोकळा होतो. वस्तुतः घर एकदां उभें राहिल्यावर वैशाखांत झोंप येईल कीं नाहीं, आषाढांत भिंती ओलावतील कीं नाहीं, पौषांत म्हाताऱ्या माणसांस ऊन मिळेल कीं नाहीं आणि विजेचें बिल किती येईल, हें पुष्कळ अंशीं खिडक्याच ठरवितात. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंस उपयोगी पडावा अशा हेतूनें या विषयाचा विचार येथें केला आहे.

आमची चूक

प्रथम आमचीच चूक सांगणें योग्य होईल. महसूल खात्यांतील कारकुनीवरून निवृत्त झाल्यावर हातीं आलेल्या रकमेंतून आम्हीं खटाव तालुक्यांतील आपल्या गांवीं, जुन्या घरालगत, स्लॅबचें घर बांधलें. रस्ता पश्चिमेस, म्हणून दर्शनी बाजूही पश्चिमेस आली. शहरांतील घरांप्रमाणें सहा फूट रुंद व चार फूट उंच अशा सरकत्या कांचेच्या दोन खिडक्या त्या बाजूस बसविल्या. त्यांवर छज्जा नऊ इंचांचा, तोही शोभेपुरता. मातोश्रींचें वय ऐंशीच्या पुढें. त्यांना रस्त्यावरील वर्दळ दिसावी म्हणून त्यांची खाट त्याच खिडकीशीं टाकली. पहिल्याच वैशाखांत एके दिवशीं सायंकाळीं पांचाच्या सुमारास त्यांना घेरी आली. डॉक्टरांनीं तपासून उष्णतेचा विकार सांगितला व खोली बदलण्यास बजावलें. त्या रात्रीं त्यांची खाट शेजारच्या जुन्या घराच्या माजघरांत न्यावी लागली. तें घर पुढील साल पाडावयाचें असें आम्हीं ठरविलें होतें. मातोश्री तेथेंच बऱ्या झाल्या, आणि जुनें घर अद्याप उभें आहे.

ज्या घरासाठीं जन्माची पुंजी खर्चिली त्यांत आईस ठेवतां येईना, ही गोष्ट आमच्या मनास फार लागली. त्यानंतर या विषयावर जें वाचलें, जाणत्या गवंड्यांस व इंजिनियरांस विचारून जें समजलें आणि स्वतः करून जें पाहिलें, तेंच पुढें देत आहों.

हरितगृह आणि बेदाण्याची शेड

कांचेचा धर्म शेतकऱ्यास नवा नाहीं. हरितगृह ज्यानें पाहिलें आहे त्यास तो समजावून सांगावयास नको. पारदर्शक आवरणांतून सूर्याचें ऊन सहज आंत शिरतें. तें जमिनीवर व भिंतींवर पडून त्याची उष्णता होते. परंतु तापलेल्या जमिनीची व भिंतींची उष्णता त्याच आवरणांतून तितक्या सहज बाहेर पडत नाहीं, आणि तापलेली हवाही आंत कोंडून राहते. सावलीवांचून पश्चिमेस लावलेली मोठी कांच म्हणजे माणसें ठेवण्याचें हरितगृहच होय.

याच्या उलट तासगांवकडील बेदाण्याची शेड पाहावी. तेथें द्राक्षें उन्हांत टाकीत नाहींत. उन्हानें माल काळवंडतो हें बागाइतदार जाणतो. म्हणून वर छप्पर, बाजूंस हिरवी जाळी, आणि मध्यें एकावर एक जाळ्यांच्या मजल्यांतून आरपार खेळणारा वारा, अशी तिची रचना असते. ऊन बाहेर व वारा आंत, हा त्या शेडीचा नियम आहे. आपल्या मालासाठीं जो विचार आपण करतों तोच आपल्या माणसांसाठीं केला, तर खिडकीचा बहुतेक प्रश्न सुटतो.

जाहिरातींतील मोठमोठ्या कांचांचीं चित्रें बहुधा थंड देशांतील घरांवरून घेतलेलीं असतात. युरोप व उत्तर अमेरिकेंत वर्षांतील कित्येक महिने घराची ऊब बाहेर जाऊं न देणें हें खिडकीचें मुख्य काम. ऊन आंत आलें तर तें त्यांस हवेंच असतें. आपल्या मुलखांत मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ऊन बाहेर थोपविणें हें मुख्य काम आहे. गरज उलटी, म्हणून उपायांचा क्रमही उलटा.

तालुक्यागणिक हवा निराळी

सन १९४९ मध्यें जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. दप्तरांत ही विभागणी उत्तर-दक्षिण झाली. हवेची विभागणी मात्र पूर्व-पश्चिम आहे. महाबळेश्वरीं सालांत पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या भागांत तो पांचशेंच्या आसपास. म्हणून पाटण, जावळी व शिराळ्याच्या पश्चिम भागांतील घर आणि दहिवडी-जतकडील घर यांस एकच खिडकी चालणार नाहीं.

पूर्वजांनीं हा भेद ओळखला होता. पूर्वेकडे जाड मातीच्या भिंती, वर माळवद व लहान खिडक्या. पश्चिमेकडे उतरतें कौलारू छप्पर, त्याचीं लांब आलेलीं वळचण आणि पावसाच्या तोंडास बांधलेल्या ताट्या. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणविसांचा वाडा पाहिल्यास बाहेरच्या भिंती भक्कम व आंत चौकांमागून चौक अशी रचना दिसते. उजेड व वारा हीं रस्त्यावरून नव्हे, तर सावलीच्या चौकांतून घेतलेलीं आहेत. तथापि जुनीं घरें सर्वस्वी चांगलीं होतीं असेंही आमचें म्हणणें नाहीं. माजघरें अंधारीं, स्वयंपाकघरें धुरानें भरलेलीं, आणि त्यांत बायकांचे डोळे व छात्या बिघडत. जुन्यांची सावली घ्यावी, अंधार घेऊं नये.

सूर्य कोठून येतो

सातारा सुमारें १७.७ व सांगली सुमारें १६.९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें सांगलीस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस व साताऱ्यास दुसऱ्या आठवड्यांत मध्यान्हीं सूर्य अगदीं माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहींशी होते. तेव्हांपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हींचा सूर्य माथ्याच्या किंचित् उत्तरेस असतो. डिसेंबरांत मात्र तो दक्षिणेस कलून क्षितिजापासून सुमारें ४९ ते ५० अंशांपर्यंतच चढतो. (आपल्याकडे मध्यान्ह घड्याळाच्या सुमारें साडेबारास होते, हेंही ध्यानांत ठेवावें.)

यावरून चार दिशांच्या खिडक्यांचे गुण सहज ठरतात.

दक्षिण : ही खिडकी उगीच बदनाम झाली आहे. भर उन्हाळ्यांत मध्यान्हींचा सूर्य उंच असल्यामुळें लहानशा छज्ज्यानेंही ती सावलींत राहते. हिंवाळ्यांत तीच उबदार ऊन देते. चार फूट उंच खिडकीच्या माथ्यालगत दीड फुटाचा छज्जा काढला, तर मार्चअखेरच्या मध्यान्हीं सर्व खिडकी सावलींत असते. आणि डिसेंबरच्या मध्यान्हीं वरचे पावणेदोन फूट सावलींत राहून खालच्या सव्वादोन फुटांतून ऊन घरांत येतें. एकाच दगडी फळीनें उन्हाळा व हिंवाळा दोन्ही साधतात.

उत्तर : उजेड सौम्य, ऊन थोडें. मुलांच्या अभ्यासास व घरकामास उत्तम. मे-जूनमध्यें सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन येतें, त्यासाठीं बाजूस उभी आडोशाची फळी पुरते.

पूर्व : सकाळचें ऊन हिंवाळ्यांत हवेंसें असतें, चैत्र-वैशाखांत नऊ वाजल्यानंतर झडप लावून घ्यावी.

पश्चिम : खरा शत्रू हाच. दिवसभर तापलेल्या घरावर सूर्य खालून, समोरून येतो, व छज्जा त्यास अडवूं शकत नाहीं. मेच्या मध्यास सायंकाळीं पांच वाजतां दीड फुटाचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम पाऊण फूट सावली टाकतो. तीन फूट रुंद व चार फूट उंच अशा साध्या कांचेच्या खिडकींतून त्या वेळीं सुमारें पांचशें वॅट उष्णता खोलींत येत असते. म्हणजे हजार वॅटची विजेची शेगडी निम्म्या जोरानें पेटवून ठेविल्यासारखें झालें. आमच्या खिडक्या याच्या दुप्पट आकाराच्या व दोन होत्या. मातोश्रींस घेरी कां आली, याचा हिशेब कागदावर मांडल्यावर आम्हांस कळला. तो घर बांधण्यापूर्वीं मांडावयास हवा होता.

वारा : येण्याची वाट आणि जाण्याची वाट

अडचण अशी कीं, पश्चिमेचें ऊन नको असलें तरी पश्चिमेचा वारा हवा असतो. पावसाळ्यांत वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून वाहतो. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरंवशावर. उन्हाळ्यांत संध्याकाळचा गार वाराही बहुधा पश्चिमेचाच. म्हणून पश्चिमेची भिंत सर्वस्वी बंद न करतां तेथें लहान, उघडणारी व बाहेरून सावली केलेली खिडकी ठेवावी. तिरप्या लाकडी पट्ट्यांची झडप या कामास फार चांगली. ऊन अडतें व वारा येतो.

वाऱ्यास येण्याची वाट जशी पाहिजे तशी जाण्याचीही पाहिजे. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असाव्या. तें शक्य नसेल तर दोन लगतच्या भिंतींत, परंतु एकमेकींपासून दूर. छताजवळ तापलेली हवा सांठते, तिला वाट म्हणून झरोका ठेवण्याची चाल होती. स्लॅबच्या घरांत ती मोडत चालली आहे. ती पुन्हां सुरू करावी.

खिडकी किती मोठी असावी? केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २०१८ सालीं घरांसाठीं इको-निवास संहिता प्रसिद्ध केली. तींत खिडक्यांचा उघडणारा भाग घराच्या जमिनीच्या क्षेत्राशीं उष्ण व कोरड्या प्रदेशांत किमान १० टक्के, आणि उष्ण व दमट प्रदेशांत किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, सांगितला आहे. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीस हें प्रमाण बारा ते वीस चौरस फूट पडतें. येथें ‘उघडणारा’ हा शब्द महत्त्वाचा. दोन कांचांची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी निम्मीच उघडते. बिजागरीवर फिरणारी झडप सुमारें नऊदशांश उघडते. म्हणजे बारा फुटांचे पैसे देऊन सरकत्या खिडकीकडून सहाच फूट वारा मिळतो. जागेची अडचण नसेल तेथें बिजागरीची खिडकीच घ्यावी.

माण, खटाव, जत या भागांत उन्हाळ्यांत दिवसा ताप व रात्रीं गारवा असतो; दोहोंत पंधरा अंशांपर्यंत फरक पडतो. तेथें सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास झडपा लावून घेणें व सूर्य मावळल्यावर सर्व उघडून रात्रभर भिंती निवूं देणें, हा बिनपैशाचा उपाय आहे. पण चोर, डांस व सर्प यांच्या भीतीनें लोक रात्रीं खिडक्या लावून घेतात. म्हणून भक्कम गज व बारीक जाळी हीं चैन नव्हेत, खिडकीचाच भाग होत. जी खिडकी रात्रीं उघडतां येत नाहीं ती उन्हाळ्यांत भिंतीपेक्षां अधिक कांहीं नाहीं.

पाऊस, पूर आणि भूकंप

पश्चिम भागांत पाऊस तिरपा येतो. तेथें छज्जा दोन फुटांहून कमी नसावा व दोन्ही बाजूंस खिडकीच्या पुढें फूटभर गेलेला असावा. छज्ज्याच्या खालच्या अंगास, कडेपासून दोन बोटें आंत, बोटभर रुंदीची खाच ठेवावी; म्हणजे पाणी छज्ज्याखालून भिंतीकडे न वळतां तेथूनच ठिबकतें. खिडकीखालच्या फरशीस बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. सरकत्या खिडकीच्या पन्हाळींत पाणी जाण्यासाठीं भोकें असतात. तीं गिलाव्यानें बुजलेलीं नाहींत ना, हें घर ताब्यांत घेतांना पाहावें.

सन २०१९ च्या ऑगस्टांतील महापुरानंतर पंचनाम्यांच्या कामीं आम्हीं कृष्णाकांठचीं कित्येक घरें आंतून पाहिलीं. भुश्शाच्या दाबलेल्या फळ्यांच्या व हलक्या प्लायवुडच्या झडपा फुगून सुटल्या होत्या. भरीव सागवानी झडपा वाळल्यावर रंधा मारून पुन्हां लागल्या. पूररेषेजवळ घर असणाऱ्यांनीं एवढी गोष्ट लक्षांत ठेवावी.

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगर येथें झालेला भूकंप पाटण तालुका विसरलेला नाहीं. विटांच्या किंवा दगडांच्या भिंतीचा कोपरा हा तिचा मर्मभाग असतो. म्हणून खिडकी कोपऱ्यापासून निदान दीड-दोन फूट दूर असावी. एकमजली घरांत एका भिंतींतील सर्व दारें-खिडक्यांची मिळून रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक नसावी. आणि खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व घरास फिरणारा लोखंड-सिमेंटचा पट्टा अवश्य असावा. हवेच्या मोहानें भिंत पोखरूं नये.

कांच व चौकट

सावली व वारा यांची व्यवस्था झाल्यावर कांचेचा विचार करावा. दुकानांत दोन आंकडे विचारावे. पहिला यू-मूल्य : बाहेरच्या व आंतल्या हवेंतील फरकामुळें कांचेंतून किती उष्णता वाहते तें यावरून कळतें, आंकडा जितका लहान तितकें बरें. साध्या एकेरी कांचेचा तो साडेपांच ते सहाच्या दरम्यान असतो. मध्यें हवेची पोकळी ठेवलेल्या दुहेरी कांचेचा सुमारें निम्मा. दुसरा आंकडा, ज्यास व्यापारी ‘एसएचजीसी’ म्हणतात तो, पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकीं किती हिस्सा आंत येतो हें सांगतो. साध्या एकेरी कांचेंत तो ०.८ च्या वर असतो. साधी कांच दुहेरी केली तरी तो ०.७ च्या आसपासच राहतो. म्हणजे नुसती दुहेरी कांच पश्चिमेचें ऊन अडवीत नाहीं. त्यासाठीं धातूचा अतिशय पातळ थर दिलेली, ऊन परतविणारी कांच लागते, व ती महाग असते. गडद रंगाची कांच उजेड कमी करते, स्वतः तापते, व त्या तापाचा कांहीं भाग आंत टाकते. तिच्यावर फारसा भरंवसा ठेवूं नये.

मग दुहेरी कांच घ्यावी कोणीं? ज्या खोलींत वातानुकूलन यंत्र रोज बरेच तास चालतें तेथें, आणि महाबळेश्वर-पांचगणीकडे, जेथें वेण्णा तलावाच्या परिसरांत कांहीं हिंवाळ्यांत दंव गोठतें. तेथें तिचा खर्च कांहीं वर्षांत वसूल होऊं शकतो. ज्या घरांत पंख्यावर भागतें व खिडक्या बहुतेक उघड्या असतात, तेथें ती रक्कम छज्ज्यांत घालावी. उघड्या खिडकींत कांच एकेरी काय नि दुहेरी काय!

चौकटीविषयीं थोडक्यांत असें : लाकूड उष्णता फार कमी वाहून नेतें, सागवान टिकतें, पण महाग, व वाळवीची निगा लागते. ॲल्युमिनियम हलकें व न गंजणारें, परंतु उन्हांत तापतें व ताप आंत पोंचवितें. यूपीव्हीसी उष्णता कमी नेतें, फुगत नाहीं, वाळवी लागत नाहीं. मात्र आंत जस्त चढविलेल्या पोलादाचा गाभा आहे कीं नाहीं हें कापलेला नमुना पाहून ठरवावें. जुनें घर पाडणाऱ्यांनीं सागवानी चौकटी मोडीच्या भावानें देऊं नयेत. नव्या भिंतींत त्या खुशाल बसवाव्या.

झालेल्या घरास उपाय

ज्यांचें घर आमच्याप्रमाणें आधींच चुकलें आहे त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. मुख्य सूत्र एवढेंच कीं, ऊन कांचेच्या बाहेर अडवावें. आंतला पडदा ऊन घरांत आल्यावर त्यास अडवितो. तोंवर उष्णता आंत आलेली असते. आम्हीं पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांपुढें, कांचेपासून वीतभर अंतर सोडून, लोखंडी चौकटीवर ७५ टक्के सावलीची शेतकी जाळी ताणली; ती पावसाळ्यांत काढतां येते. एका खिडकीची सरकती कांच काढून तेथें जुन्या घरांतील सागवानी झडपा बसविल्या. पूर्वेच्या भिंतींत छताखालीं दोन झरोके पाडून घेतले. अंगणांत भिंतीपासून पंधरा फुटांवर कडुनिंब लावला. फेब्रुवारी-मार्चमध्यें त्याचीं पानें गळतात खरीं, परंतु उन्हाळा कडक होईपर्यंत तो नव्या पालवीनें भरतो.

पश्चिमेस द्राक्षाचा वेल चढविण्याची सूचना एका स्नेह्यांनीं केली होती. पण बागाइतदारांस ठाऊकच आहे कीं, एप्रिलांत खरड छाटणी होते; नेमकी सावली हवी तेव्हांच मांडव उघडा पडावयाचा! त्याऐवजीं मधुमालती चांगली.

या सर्वांस जो खर्च आला तो दोन कांचेच्या खिडक्यांच्या मूळ किमतीहून पुष्कळ कमी होता. आतां त्या खोलींत उन्हाळ्याच्या संध्याकाळीं पंखा लावून बसतां येतें. मातोश्री दुपारीं अद्याप माजघरांतच पडतात. परंतु दिवेलागणीस त्या नव्या घरांत येऊन खिडकीशीं बसतात व रस्त्यानें जाणाऱ्यास हांक मारतात.

ज्यांस यंदा घर बांधावयाचें आहे त्यांनीं आराखडा कायम करण्यापूर्वीं एक गोष्ट करावी. मोकळ्या जागेवर चार खुंट्या ठोकून खोल्या आंखाव्या, आणि वैशाखांतील एका दिवशीं सकाळीं नऊ, मध्यान्हीं साडेबारा व सायंकाळीं पांच वाजतां स्वतः तेथें उभें राहून ऊन व वारा कोठून येतात हें पाहावें. शेताच्या बांधासाठीं आपण मोजणी आणतों; जेथें आईबापांची खाट पडावयाची त्या जागेची एवढी मोजणी करण्यास एक दिवस पुरतो व पैसा लागत नाहीं.